जॅझची देवाणघेवाण : निघण्याआधीची तयारी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातील तरुण वादक जॅझच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी परदेशी जात असल्याच्या बातम्या अधूनमधून वृत्तपत्रांत वाचायला मिळतात, आणि आयुष्यभर संगीताशी संबंध राहिलेल्या माझ्यासारख्या वाचकाला त्यांचा मनापासून आनंद होतो. या बातम्यांत मुलांची नावे असतात, देशाचे नाव असते, मान्यवरांच्या शुभेच्छा असतात. परंतु ही मुले तिथे कोणाबरोबर बसून काय वाजवणार आहेत, इथले काय घेऊन जाणार आहेत आणि परतल्यावर ते कोणाच्या उपयोगी पडणार आहे, यांविषयी सहसा काहीच नसते. मी फोंडा तालुक्यात हार्मोनियम आणि गायन शिकवत आले आहे, आणि माझ्याकडे सुरुवात केलेली काही मुले आज ड्रम आणि बेस गिटारही वाजवतात. त्या नात्याने माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे. अशा दौऱ्याआधी मुलांची इथे, गोव्यातच, काही महिन्यांची पद्धतशीर तयारी करून घेतली जावी, आणि ज्या दौऱ्याला सार्वजनिक पैशाचा आधार आहे त्याच्या बाबतीत ही अट लेखी असावी.

जॅझ गोव्याला परका नाही हे सर्वांना ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आज विशीत असलेल्या वादकांना त्यातले फार थोडे कोणी सांगितलेले असते. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. त्यामागून ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले, आणि या मंडळींच्या शेजारी बसून वाजवण्याची संधी ज्या भारतीय वादकांना मिळाली त्यांत गोंयकार पुढे होते. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवत. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सारे चिक चॉकलेट या नावाने ओळखत, त्यांना तर विख्यात अमेरिकन ट्रम्पेटवादकाच्या नावावरून भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. हे वादक त्या संधीसाठी तयार होते, कारण गावच्या चर्चच्या शाळेत त्यांनी लहानपणी सोल्फेजो, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलेखन गाऊन वाचण्याचा अभ्यास, घोटलेले होते, व्हायोलिनवर हात बसलेला होता आणि स्टाफ नोटेशनचा कागद समोर ठेवला तर तो वाचून वाजवणे त्यांना अवघड नव्हते. संधी अचानक आली असेल. तयारी मात्र पिढ्यान् पिढ्यांची होती. पुढे हीच माणसे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेली. पुणतांब्याचे राम चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, आणि हळदोण्याचे चिक चॉकलेट यांनी मिळून १९५१ च्या ‘अलबेला’ या चित्रपटाला जे संगीत दिले, त्यात मराठी चालीचा गोडवा आणि जॅझचा जोम इतक्या सहजपणे एकत्र आला की कोणाला तो प्रयोग वाटलाही नाही. ही देवाणघेवाण विमानात न बसता झाली होती, आणि तिच्यात दोन्ही बाजूंकडे देण्यासारखे काही होते.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटते. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा मोठा वाद्यमेळ उभा केला, रागांवर आधारित रचना स्टाफ नोटेशनमध्ये लिहिल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांच्यासारखे गायक त्या मेळासोबत गायले. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल शर्मा त्यांच्याकडे शिकलेले होते. साठच्या दशकाच्या मध्यास ते न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. परतल्यावर ते चित्रपटसृष्टीकडे वळले नाहीत. माजोर्ड्यात शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये गेले. प्यारेलाल यांनी एका गाण्यातून आपल्या गुरूचे नाव देशभर पोहोचवले, पण ते नाव गुणगुणणाऱ्या कित्येकांना ही खरोखरची व्यक्ती होती हेसुद्धा माहीत नव्हते. गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन सुरू झाले, हे उचित झाले. तरीही एवढ्या योग्यतेचा वादक परदेशातून शिकून आल्यावर त्याच्या अनुभवाला गोव्यातल्या पुढच्या पिढीपर्यंत नेणारी वाट त्या काळी कोणी बांधलेली नव्हती, याची मला आजही खंत वाटते. आज दौऱ्यावर जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तसे होऊ नये.

देवाणघेवाण कशी फळाला येते, याचे नमुने जॅझच्या इतिहासातच आहेत. १९५६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डिझी गिलेस्पी यांच्यापासून सुरुवात करून जॅझवादकांना जगभर पाठवायला आरंभ केला. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रूबेक भारतात आले. मुंबईत ते उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर बसले, मद्रासेत पालनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्या मृदंगाबरोबर बसले. त्याच दौऱ्यात तुर्कस्तानात रस्त्यावरच्या वादकांकडून त्यांनी नऊ मात्रांची एक लय ऐकली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर रचना करून ती ध्वनिमुद्रित केली. ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आले, आणि पूर्वेकडच्या या प्रवासातून पुढे त्यांची एक संपूर्ण रचनामालिका जन्माला आली. ही सारी मंडळी पाहुणचार घेऊन परतली नाहीत. जिथे गेली तिथे कान उघडे ठेवून बसली. त्यांना ते साधले, कारण स्वतःचे संगीत त्यांच्या हाताखाली इतके पक्के होते की दुसऱ्याचे ऐकायला त्यांचे मन मोकळे होते.

या दौऱ्यांमागे शीतयुद्धाचे राजकारण होते, हेही मुलांना सांगितले पाहिजे. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांना देशाचे राजदूत म्हणून मिरवले जाई, त्यांनाच मायदेशी वर्णभेद सोसावा लागत होता. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाण्यापासून अडवण्यात आले, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारतर्फे होणारा सोव्हिएत रशियाचा दौरा नाकारला होता. आपल्या गोव्याशी जोडलेला एक प्रसंग तर मला प्रत्येक मुलाच्या कानावर घालावासा वाटतो. १९७१ मध्ये पोर्तुगालमधील काश्काइश येथील जॅझ महोत्सवात बेसवादक चार्ली हेडन यांनी आपली एक रचना अंगोला, मोझांबिक आणि गिनीच्या स्वातंत्र्यलढ्यांना अर्पण केल्याचे रंगमंचावरून जाहीर केले, आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगालच्या हुकूमशाही राजवटीच्या गुप्त पोलिसांनी त्यांना विमानतळावर ताब्यात घेतले. गोवा मुक्त होऊन तेव्हा दहा वर्षे होत आली होती. गोवा मुक्तिसंग्रामातले आपले मोहन रानडे त्याच राजवटीच्या काशियसच्या तुरुंगातून सुटून तर जेमतेम तीन वर्षेही झाली नव्हती, आणि त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत अग्रभागी होते सुधीर फडके, म्हणजे एक मराठी संगीतकार. लिस्बनमध्ये १९४८ पासून चालत आलेला हॉट क्लुब द पोर्तुगाल हा जॅझचा जुना अड्डा आहे आणि त्याची स्वतःची शाळाही आहे. गोव्यातील मुलांनी तिथे जरूर जावे, आनंदाने शिकावे. तिथल्या समवयस्कांशी बोलताना हा सामायिक इतिहास त्यांना ठाऊक असेल तर त्यांची मैत्री अधिक खोल होईल असे मला वाटते.

आता इथून काय न्यायचे, याविषयी. नासाने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी पाठवली, तिच्यात भारतातर्फे केसरबाई केरकर यांची भैरवी आहे आणि त्याच तबकडीत लुई आर्मस्ट्राँग यांचे वादनही आहे. केसरबाई आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या. जॅझ शिकायला निघालेल्या गोव्यातील किती मुलांनी ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एका बैठकीत ऐकली असतील? लयीच्या बाबतीत तर आपल्याकडे लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर होऊन गेले, जे हातांनी आणि पायांनी वेगवेगळे ताल एकाच वेळी धरून तोंडाने आणखी निराळाच ताल म्हणत. जॅझच्या ड्रमवादकाला चारही अवयव स्वतंत्र चालवावे लागतात. खाप्रूमामांचे नाव त्याला माहीत नसावे, हे आपल्या शिकवण्यातले न्यून आहे. आणि घुमट तर आपल्या हाताशीच आहे. चतुर्थीच्या आरत्यांत घुमट, शामेळ आणि कासाळे वाजतात, शिगम्यात वाजतात, आणि मांडो-दुलपदांच्या साथीलाही तेच घुमट असते. देवळात आणि ख्रिस्ती घरात सारख्याच मायेने वाजणारे हे वाद्य २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले. न्यू ऑर्लिन्सला, जिथे आपल्यासारखाच लेंटच्या उपवासांआधी कार्निव्हल भरतो आणि बँड रस्त्यावर उतरतो, तिथे गोव्याच्या मुलाने सुवारीचा, म्हणजे घुमटाच्या पारंपरिक वादनप्रकाराचा, एक तुकडा घुमटावर वाजवून दाखवला तर तिथला ड्रमवादक नक्कीच पुढे सरकून बसेल.

पण हे आपोआप होणार नाही, आणि म्हणूनच मी तयारीचा आग्रह धरते. जॅझमध्ये बहुधा बत्तीस मापांची, म्हणजे बारची, एक चौकट असते. ती पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि तिच्यावर एकेक वादक आपला विस्तार करतो. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमवर लेहरा, म्हणजे आवर्तनागणिक फिरणारी धून, धरणाऱ्याला ही गोष्ट चटकन कळते, कारण आवर्तन मोजत समेवर येणे त्याच्या अंगात मुरलेले असते. अडचण येते ती दुसऱ्या ठिकाणी. आपला षड्ज कायम राहतो, तर जॅझच्या चौकटीत खालचे स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, मापागणिक बदलत जातात. मघाशी जो स्वर सुखाचा होता तो पुढच्या मापात बोचू शकतो. हे कानाला कळायला वेळ लागतो, आणि तबला किंवा हार्मोनियम शिकलेल्या मुलाला ते पियानोपाशी बसवून रोज थोडे थोडे द्यावे लागते. उलट, चर्चमध्ये किंवा वाद्यवृंदात वाढलेल्या मुलाला स्वरसंघ आणि नोटेशन सहज येते, पण हातावर टाळी-खाली धरून सात किंवा दहा मात्रांचे आवर्तन न चुकता चालवायला सांगितले की तो अडखळतो. या दोन मुलांना एकत्र बसवा, आणि सहा महिन्यांत दोघेही एकमेकांचे गुरू होतील. माझ्या मते गोव्याची खरी ताकद इथेच आहे, कारण ही दोन्ही घराणी एकाच तालुक्यात, कधी एकाच वाड्यावर शेजारी शेजारी नांदतात. ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय सॅक्सोफोनवादकाने रागसंगीत आणि जॅझ यांची सांगड घालून दाखवली आहे. मेनकाबाई शिरोडकरांचे नातू आणि शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तबल्याचे संस्कार घेऊन जगभरच्या जॅझवादकांबरोबर वाजवले आहे. वाट मळलेली आहे. कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य अशी दोन्ही संगीताची शिकवणी एका छपराखाली चालत आली आहे. तिथल्या शिक्षकांनी दौऱ्यावर जाणाऱ्या मुलांसाठी संयुक्त वर्ग घेतले तर नवी संस्था काढण्याची गरजच उरणार नाही.

काही व्यावहारिक गोष्टी मला इथे नमूद करायला हव्यात, कारण त्या न सांभाळल्यामुळे चांगले बेत फसू शकतात. जुन्या घुमटांना घोरपडीचे कातडे असते. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि संकटग्रस्त वन्यजीवांच्या व्यापारावर बंधने घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तिचा समावेश आहे. असे घुमट सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा ठरेल. बकऱ्याचे कातडे चढवलेले घुमटच न्यावे, त्याच्या नादाची सवय महिनाभर आधी करावी, आणि मातीचे वाद्य असल्यामुळे एक जादा घुमट बरोबर असावे. ज्यांच्याकडे वाडवडिलांची जुनी गिटार आहे, त्यांनी तिचे लाकूड कोणते आहे हे तपासून घ्यावे, कारण ब्राझिलियन रोझवूडही त्याच परिशिष्टात आहे. महागडा सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट नेताना विमानतळावरच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलेले असावे, म्हणजे परतताना आपल्याच वाद्यावर शुल्क मागितले जाण्याची भीती राहत नाही. व्हिसाचीही तीच कथा. परस्पर देवाणघेवाणीच्या कार्यक्रमातून येणाऱ्या कलावंतांसाठी अमेरिकेत पी-२ हा स्वतंत्र वर्ग आहे, त्यासाठी तिकडच्या यजमानांनी आधी अर्ज करून मंजुरी मिळवावी लागते, आणि मगच मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाची मुलाखत होते. या सगळ्याला महिने लागतात. ऐन वेळी पर्यटक व्हिसावर मुलांना नेऊन तिकीट लावलेल्या कार्यक्रमात उभे करणे, म्हणजे त्या मुलांचा पुढचा मार्गच धोक्यात घालणे होय.

निवडीविषयी मला अधिक कळकळीने लिहावेसे वाटते. माझ्याकडे सुरुवात केलेल्या, आणि पुढे ड्रमवर उत्तम हात बसलेल्या एका मुलाला अशाच एका दौऱ्यासाठी निवड झाल्याचे पत्र आले होते. घरात पेढे वाटले गेले. मग पत्राचे दुसरे पान वाचले गेले, तेव्हा विमानभाडे, निवास आणि शिबिराचे शुल्क हे सारे त्यानेच भरायचे आहे असे कळले. थोड्याशा बागायतीवर चालणारे ते घर होते. आईवडील कर्ज काढायला निघाले, पण मुलानेच नकार कळवला. ज्याला पैसे भरता येतात त्याची निवड होत असेल, तर त्या प्रवासाला सहल म्हणावे. त्यात वाईट काही नाही, परंतु गोव्याचे प्रतिनिधी म्हणून त्याचा गौरव करू नये आणि त्याला सरकारी अनुदानही देऊ नये. जिथे अनुदान आहे तिथे निवड जाहीर वादन-परीक्षेने व्हावी, ती पणजी-मडगावपुरती न राहता सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलांपर्यंत तिची सूचना पोहोचावी, आणि मुलाखत कोकणी किंवा मराठीतही देता यावी. इंग्रजी बोलण्यातली सफाई ही वाजवण्यातल्या सफाईची कसोटी होऊ शकत नाही. मुलींची संख्या अशा पथकांत कमी दिसते. मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई यांच्यासारख्या गायिकांच्या भूमीत याचा विचार आयोजकांनी गंभीरपणे करावा.

परतल्यानंतरचे काम त्यामानाने सोपे आहे, फक्त ते ठरवून घ्यायला हवे. मडगाव, कुडचडे, साखळी येथे रवींद्र भवने आहेत, फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे. परत आलेल्या पथकाने या ठिकाणी विनामूल्य कार्यशाळा घ्याव्यात, शिकलेल्या रचनांच्या नोटेशनची आणि ध्वनिमुद्रणांची एक प्रत पणजीच्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात द्यावी, आणि परदेशी यजमानांपैकी दोघातिघांना पुढच्या वर्षी गोव्यात आणण्याची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच असावी. ते इथे आल्यावर त्यांना किनाऱ्यावरच्या हॉटेलात न ठेवता गावात ठेवावे, भजनाला बसवावे, फेस्ताच्या बँडबरोबर चालवावे.

पूर्वतयारीच्या वर्गांसाठी पावसाळ्याचे महिने सर्वांत सोयीचे आहेत, असे माझे मत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हॉटेलांतील आणि लग्नसमारंभांतील वादनाची कामे मंदावतात, त्यामुळे तरुण वादकांना आणि त्यांना शिकवणाऱ्या ज्येष्ठ वादकांना सवड असते. त्याच काळात गावोगाव चतुर्थीच्या घुमट आरत्यांच्या तालमीही सुरू होतात, आणि पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्या मुलांना तिथे जाऊन बसता येईल. कला व संस्कृती संचालनालयाने येत्या पावसाळ्यापासूनच, प्रथम एका गटापुरते का होईना, हे वर्ग सुरू करावेत. फोंड्यात ते होणार असतील तर हार्मोनियमवर लेहरा धरायला मी विनामूल्य येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगीत शिक्षिका,
फोंडा, गोवा